टायमिंग बेल्ट तुटल्यावर इंजिनचं काय करायचं: पहिल्या मिनिटापासून पहिल्या हजार किलोमीटरपर्यंत

चालती गाडी एकाएकी बंद पडते. धूर नाही, वास नाही. फार तर एक ‘टक्’ असा आवाज, आणि मीटरवरचे सगळे दिवे एकदम लागतात. सेल्फ मारला तर इंजिन नेहमीपेक्षा जलद आणि एकसुरात फिरतं. एरवी सेल्फ मारताना ‘घर्र-घर्र’ असे जे ठेके पडतात, ते पडत नाहीत, कारण सिलिंडरमध्ये कॉम्प्रेशनच, म्हणजे हवा दाबली जाणंच, उरलेलं नसतं. असा आवाज आला की सेल्फ तिथेच सोडा. दुसऱ्यांदा ‘बघू तरी’ म्हणून मारू नका.

बेल्ट तुटल्याचं नुकसान दोनदा होतं. एकदा बेल्ट तुटतो त्या क्षणी, आणि दुसऱ्यांदा त्यानंतर माणसं घाईघाईने जे करतात त्यामुळे. पहिल्यावर कोणाचाच इलाज नसतो. दुसरं मात्र पूर्ण टाळता येतं, आणि हा लेख त्याचसाठी आहे. काम स्वतः करणार असाल तर क्रमाने वाचा. गॅरेजला देणार असाल तरीही वाचा, म्हणजे काय विचारायचं आणि काय मागून घ्यायचं ते कळेल.

आत नेमकं काय मोडतं

क्रँकशाफ्ट (पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा दांडा) दोन फेरे फिरतो तेव्हा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा वरचा दांडा) एक फेरा फिरतो, आणि या दोघांना एकमेकांशी बांधून ठेवतो तो टायमिंग बेल्ट. तो तुटला की कॅमशाफ्ट जवळजवळ जागच्या जागी थांबतो, कारण व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा त्याला धरून ठेवतात. थांबताना कुठले ना कुठले व्हॉल्व्ह उघडे राहतात. क्रँक मात्र फ्लायव्हीलच्या आणि चाकांच्या जोरावर फिरतच असतो. ३,००० आरपीएमला तो सेकंदाला ५० फेरे घेतो, म्हणजे उघडे राहिलेले व्हॉल्व्ह आणि वर येणारे पिस्टन यांची गाठ पडायला क्षणही लागत नाही.

ज्या इंजिनात पिस्टनचा वरचा टप्पा आणि उघड्या व्हॉल्व्हची जागा एकच असते, त्याला इंटरफिअरन्स इंजिन म्हणतात. काही इंजिनांत दोघांमध्ये पुरेशी जागा सोडलेली असते. तिथे बेल्ट तुटला तर गाडी फक्त बंद पडते आणि नवा बेल्ट टाकला की चालते. डिझेल इंजिन मात्र जवळपास सगळी इंटरफिअरन्सच असतात, कारण जास्त कॉम्प्रेशनसाठी पिस्टनच्या वर जागा फारच कमी ठेवावी लागते.

पेट्रोल इंजिनात व्हॉल्व्ह सहसा तिरके बसवलेले असतात, त्यामुळे पिस्टनचा मार बाजूने लागतो आणि व्हॉल्व्हची दांडी वाकते. बाक इतका बारीक असू शकतो की डोळ्याला दिसत नाही, पण व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे बंद होताना टेकायच्या कड्यावर, बसत नाही. बऱ्याच डिझेल इंजिनांत व्हॉल्व्ह सरळ उभे असतात. तिथे मार थेट वर जातो: कॅमचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत पोचवणारे रॉकर आर्म मोडतात, टॅपेट फुटतात, कॅमच्या कॅप तडकतात, कधी कॅमशाफ्टचेच दोन तुकडे होतात. तेव्हा ‘डिझेल आहे, व्हॉल्व्ह तेवढे बदला’ असं कोणी म्हणालं तर मान्य करू नका.

१. रस्त्यावर असताना

इंजिन बंद पडलं की ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांपुरताच साथ देतो, नंतर पेडल दगडासारखं होतं. म्हणून ब्रेक पुन्हापुन्हा न पंप करता एकाच सलग दाबाने गाडी कडेला घ्या. स्टिअरिंग जड होईल, पण वळेल. गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल.

थांबल्यावर गिअर न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, चाकाखाली दगड लावा. उतारावर गाडी गिअरमध्ये टाकून उभी करायची सवय असते. इथे ती महागात पडते. गिअरमध्ये असलेली गाडी हातभर जरी सरकली तरी चाकं क्रँकला फिरवतात आणि वाचलेले व्हॉल्व्हही वाकतात. याच कारणासाठी धक्का स्टार्ट करायचा नाही, आणि टोचन करून नेताना गिअर न्यूट्रलच हवा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर ती सपाट ट्रकवर चढवूनच न्या.

२. कागद आणि फोटो

इंजिनला हात लावण्यापूर्वी एवढं जमवून ठेवा:

- नोंदणीपत्र, इंजिन नंबर आणि चासी नंबर त्यावरूनच जुळवून घ्या
- सर्व्हिस बुक, आणि बेल्ट शेवटचा कधी व किती किलोमीटरला बदलला त्याची नोंद
- त्या कामाचं बिल, शक्यतो पार्ट नंबरांसह
- वॉरंटीची आणि विम्याची पूर्ण कागदपत्रं, अटींच्या पानांसकट
- ओडोमीटरचा आजचा फोटो

बेल्ट ठरलेल्या मुदतीच्या आत तुटला असेल तर बेल्टच्या कंपनीकडे किंवा ज्यांनी तो बसवला त्यांच्याकडे भरपाई मागता येऊ शकते. पण त्यांच्या माणसाने पाहण्याआधी इंजिन खोललंत तर ‘नंतर कोणी काय केलं आम्हाला माहीत नाही’ हे उत्तर ठरलेलं. दावा करायचा असेल तर आधी लेखी कळवा, मग खोला. साधा मोटार विमा यांत्रिक बिघाडाचे पैसे बहुधा देत नाही. तरी तुमच्या पॉलिसीत इंजिनसाठी वेगळं संरक्षण घेतलेलं असेल तर त्याच्या अटी वाचा.

३. बेल्ट पाहा, आणि तो का तुटला ते शोधा

वरचं टायमिंग कव्हर काढायला सहसा चार-पाच बोल्ट किंवा क्लिपा असतात. कव्हर निघालं की बेल्ट तुटलेला दिसेलच असं नाही. बऱ्याचदा खालच्या क्रँक पुलीजवळचे आठ-दहा दात साफ उडालेले असतात आणि वरून बेल्ट अख्खा दिसतो. म्हणून क्रँकच्या बोल्टला पाना लावून अगदी थोडं, बोटभर फिरवा आणि कॅमची पुली हलते का ते पाहा. हलली नाही तर निदान झालं, तिथेच थांबा. पाना जड लागला तर जोर करू नका.

आता सगळ्यात जास्त वेळ द्यायची ती याच पायरीला, कारण बेल्ट क्वचितच आपण होऊन तुटतो. त्याला कोणीतरी तोडलेलं असतं, आणि तो ‘कोणीतरी’ तसाच राहिला तर नवा बेल्टही तोडेल. तुटलेले तुकडे फेकू नका. स्वच्छ कपड्यावर मांडा आणि उजेडात पाहा:

- पाठीला आडव्या भेगा, रबर कडक आणि चकचकीत: वय झालेलं. बहुतेक बेल्टची मुदत कंपनीनुसार साधारण ६०,००० ते १,६०,००० किमी किंवा ५ ते १० वर्षं, यातलं जे आधी येईल ते. गाडी कमी चालवणारे लोक वर्षांची मुदत हमखास विसरतात.
- रबर मऊ, फुगलेलं, बोटाला काळं तेल लागतंय: कॅमचं किंवा क्रँकचं ऑइल सील गळतंय.
- एका बाजूची कड पिंजलेली, दोरे लोंबताहेत: बेल्ट सरळ धावत नव्हता. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), आयडलर (बेल्टला वळण देणारी पुली) किंवा वॉटर पंप यांपैकी कोणाचं तरी बेअरिंग ढिलं आहे.
- सुरीने कापल्यासारखा सरळ तुकडा: बसवण्याआधी बेल्ट कुठेतरी घडी घालून दुमडला गेला होता, किंवा पुलीत काहीतरी अडकलं.
- ओळीने दात उडालेले: ताण कमी होता, किंवा पुढचं काहीतरी जाम झालं.

मग प्रत्येक पुली हाताने फिरवा. चांगलं बेअरिंग ग्रीसमधून फिरल्यासारखं सावकाश, आवाज न करता फिरतं. वाळलेलं बेअरिंग बोटाने टिचकी मारली की सायकलच्या रिकाम्या चाकासारखं खरखरत फिरत राहतं. ते गेलेलं समजा. वॉटर पंपाची पुली वर-खाली हलवून पाहा. पंपाच्या खालच्या बारीक भोकाजवळ कूलंटचे वाळलेले ओघळ, रंगीत किंवा पांढरी पापडी दिसली तर पंप कधीपासून गळतोय. बाहेरचा फॅन बेल्ट तपासायला विसरू नका. त्याच्या चिंध्या टायमिंग कव्हरच्या आत खेचल्या जाऊन चांगला टायमिंग बेल्ट पुलीवरून उतरवतात.

काही इंजिनांत बेल्ट इंजिन ऑइलमध्येच फिरतो. तिथे चुकीच्या ग्रेडचं ऑइल किंवा ऑइलमध्ये मिसळलेलं पेट्रोल बेल्टचं रबर कुरतडतं आणि त्याचा भुगा ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतो. अशा इंजिनाचं ऑइल पॅन उतरवून जाळी साफ केल्याशिवाय पुढचं काही करू नका. नाहीतर नव्या बेल्टवर इंजिन सुरू होईल आणि ऑइल न मिळून क्रँकची बेअरिंगं जातील.

४. हेड न उतरवता किती कळतं

हेड म्हणजे सिलिंडरांवरचा भाग, ज्यात व्हॉल्व्ह बसवलेले असतात. तो न उतरवताही पुष्कळ कळतं, आणि खर्चाचा निर्णय त्यावरच घ्यायचा असतो. ‘नवा बेल्ट टाकून स्टार्ट करून बघू, चाललं तर चाललं’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला आहे आणि तो अतिशय वाईट आहे. वाकलेला व्हॉल्व्ह घेऊन इंजिन चाललं तर त्याचं डोकं तुटून सिलिंडरमध्ये पडू शकतं. मग पिस्टन, सिलिंडर आणि हेड तिन्ही जातात.

क्रम असा. सर्व स्पार्क प्लग काढा. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात क्रँक हळूहळू अशा जागी आणा की चारही पिस्टन निम्म्या उंचीवर असतील, म्हणजे टीडीसीच्या (पिस्टनच्या सर्वात वरच्या जागेच्या) ९० अंश अलीकडे. प्रत्येक प्लगच्या भोकात प्लॅस्टिकची लांब नळी सोडून पाहा. चारही सारख्याच खोल गेल्या की पिस्टन सारख्या उंचीवर आले. लोखंडी सळई वापरू नका. तीन सिलिंडरच्या इंजिनात अशी जागा नसते, तिथे मॅन्युअलमध्ये दिलेली सुरक्षित जागाच घ्या. आता कॅम मोकळेपणाने फिरवता येतो, कारण व्हॉल्व्हला खाली अडथळा नाही. कॅम पुलीवरच्या टायमिंगच्या खुणेवर आणा, मग क्रँक त्याच्या खुणेवर आणा, आणि फक्त तपासणीपुरता एक बेल्ट चढवा. हाताने क्रँकचे दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडलं तर थांबा. व्हॉल्व्ह अडकला आहे, हेड उतरवावंच लागेल.

फेरे मोकळे झाले तर लीक-डाउन चाचणी करा. प्रत्येक सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला आणायचा, प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडायची आणि किती टक्के निसटते ते गेजवर वाचायचं. हवा सोडताना क्रँकच्या बोल्टवर पाना किंवा हात ठेवू नका, इंजिन झटक्याने फिरू शकतं. चांगल्या सिलिंडरची गळती १० टक्क्यांच्या आसपास असते, चाललेल्या इंजिनात २० पर्यंत चालते. वाकलेल्या व्हॉल्व्हच्या सिलिंडरमधून जवळजवळ सगळीच हवा निघून जाते. ती कुठून जाते ते कानाने ऐका: थ्रॉटलकडून ‘स्स’ आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आला तर पिस्टन रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

दोन जोडतपासण्या करा. प्लगच्या भोकातून बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून पिस्टनच्या डोक्यावर चंद्रकोरीसारखे ताजे, चमकणारे ठसे आहेत का ते पाहा. आणि ज्या इंजिनात टॅपेटचं अंतर हाताने ठरवतात, तिथे फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) ते मोजा. वाकलेला व्हॉल्व्ह पूर्ण वर येत नाही, त्यामुळे त्याचं अंतर इतरांपेक्षा एकदम जास्त भरतं. हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबाने अंतर आपोआप भरणारे) असतील तर ही खूण मिळत नाही.

सगळे सिलिंडर हवा धरतात, ठसे नाहीत, अंतरं बरोबर आहेत, तर हेड उतरवायची गरज नाही. थेट सातव्या पायरीकडे जा. एकही सिलिंडर नापास झाला तरी हेड उतरवायचं.

५. दुरुस्ती, दुसरं हेड की दुसरं इंजिन

पेट्रोल इंजिन, बेल्ट मंद गतीला किंवा सुरू करतानाच तुटला, पिस्टन शाबूत: हेडचं काम करून घ्या, हाच शहाणपणाचा मार्ग आहे. कॅमच्या बेअरिंगच्या जागाच फुटल्या असतील तर दुसरं हेड पाहा, कारण त्या जागा हेडमध्येच कोरलेल्या असतात. कनेक्टिंग रॉड वाकला असेल किंवा सिलिंडरला खोल ओरखडे पडले असतील तर संपूर्ण इंजिनचा हिशेब मांडा आणि तो गाडीच्या आजच्या किमतीशी ताडून पाहा.

वापरलेलं इंजिन घेत असाल तर त्यातही बेल्ट, टेन्शनर आणि पंप बसवण्याआधीच बदला. बाहेर असताना ते तासाभराचं काम असतं. इंजिन नंबर बदलला की नोंदणीपत्रावर तो बदलून घ्यावा लागतो, त्यासाठी इंजिनच्या खरेदीचं बिल जपून ठेवा.

गॅरेजला काम देताना अंदाजपत्रक दोन टप्प्यांत मागा: हेड उतरवून तपासण्यापर्यंतचं, आणि तपासणीनंतरचं. एकदम ‘सगळं मिळून एवढे’ असा आकडा हेड न पाहताच देणारा माणूस एक तर जास्त धरतो किंवा काहीतरी सोडून देतो. बदललेले सगळे जुने भाग परत घ्या.

६. हेडचं काम

इंजिन पूर्ण थंड असताना बॅटरी काढा, फ्यूएलचा दाब उतरवा, कूलंट आणि ऑइल काढा. प्रत्येक पाइप आणि प्लगला चिकटपट्टीवर नंबर लिहून लावा. हेडचे बोल्ट बाहेरून आत, दोन-तीन टप्प्यांत सैल करा. एका कडेने एकदम सोडत गेलात तर ॲल्युमिनियमचं हेड पीळ घेतं. उतरवलेलं हेड तोंडावर पालथं ठेवू नका. उघडे असलेले व्हॉल्व्ह त्याच्याच वजनाने वाकतील. दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवा. टॅपेट, शिम, रॉकर ज्या जागेवरून निघाले त्याच जागी परत जायला हवेत, म्हणून खाने असलेल्या ट्रेमध्ये क्रमाने मांडा.

घरच्या घरी करता येईल अशी एक खात्रीची चाचणी: प्लग बसवून हेड उलटं, म्हणजे ज्वलनकक्ष वर येतील असं सपाट ठेवा. कॅम काढलेला असला की सगळे व्हॉल्व्ह बंद असतात. आता एकेका कक्षात रॉकेल ओता. शाबूत व्हॉल्व्ह ते धरून ठेवतात. वाकलेल्याच्या कडेने ते खाली उतरतं आणि पोर्टची भिंत ओली होते, कधी धारच लागते.

व्हॉल्व्ह काढल्यावर मशीन शॉपमध्ये करायच्या गोष्टी:

दांडी व्ही-ब्लॉकवर (व्ही-आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) फिरवून डायल गेजने तपासा. ०.०५ मिमीपेक्षा जास्त हेलकावा असेल, तर व्हॉल्व्ह टाकून द्या. ठोकून सरळ केलेला व्हॉल्व्ह पुन्हा बसवू देऊ नका, कोणी कितीही हातखंडा असल्याचं सांगितलं तरी. धातू एकदा वाकून सरळ केला की त्याच जागी कमकुवत होतो, आणि तो तुटतो तेव्हा इंजिन पूर्ण वेगात असतं. ज्या व्हॉल्व्हला पिस्टन लागल्याची खूण आहे तो गेजवर सरळ दिसला तरी बदलावा, असं माझं स्पष्ट मत आहे. काही एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या पोकळ दांडीत सोडियम भरलेलं असतं. असे व्हॉल्व्ह कापू किंवा ग्राइंड करू नका, सोडियम पाण्याशी भडकतं.

व्हॉल्व्ह गाइड, म्हणजे दांडी ज्यातून सरकते ती नळी, नीट पाहा. बाजूचा मार गाइडवरही बसतो. तिला केसाएवढी चीर गेली किंवा ती लंबगोल झाली तर नवा व्हॉल्व्हही सीटवर वाकडा बसेल. सीट कापून घ्या, नवे व्हॉल्व्ह लॅप करून (सीटवर घासून जुळवून) घ्या, स्टेम सील (दांडीवरची ऑइलची सील) सगळीच्या सगळी नवी टाका. हेडचा सपाटपणा सरळपट्टी आणि फीलर गेजने उभा, आडवा आणि तिरका तपासा. ०.०५ मिमीचा गेज सहज आत जात असेल तर कंपनीची मर्यादा पाहून फेसिंग करा, म्हणजे पृष्ठ मशीनवर सपाट करून घ्या. डिझेलमध्ये रॉकर आणि टॅपेट एकेक करून भिंगाखाली पाहा, आणि कॅमशाफ्ट व्ही-ब्लॉकवर फिरवून बघा.

इकडे ब्लॉकमध्ये (सिलिंडर असलेल्या खालच्या भागात) पिस्टनचे ठसे तपासायचे. उथळ ठसा चालतो, फक्त त्याची उभी राहिलेली धार बारीक पॉलिश पेपरने काढून टाका. धारदार कडा तापून लाल होते आणि पेट्रोल वेळेआधीच पेटवते. तडा दिसला, किंवा वरच्या रिंगच्या खाचेपर्यंत ठसा गेला, तर पिस्टन बदला. मग प्रत्येक पिस्टन टीडीसीला आणून ब्लॉकच्या पृष्ठापासून त्याची उंची डायल गेजने मोजा. चारही आकडे शेजारी लिहा. एक पिस्टन इतरांपेक्षा स्पष्टपणे खाली भरला तर त्याचा कनेक्टिंग रॉड वाकला आहे. डिझेलमध्ये ही मोजणी टाळूच नका: हेड गॅस्केटची जाडीही याच आकड्यावरून, गॅस्केटच्या कडेच्या खाचा किंवा भोकं पाहून निवडतात.

रॉकर किंवा टॅपेटचे तुकडे झाले असतील तर सगळे तुकडे जुळवून पाहा. एखादा कमी पडला तर तो ऑइल पॅनमध्ये आहे. पॅन उतरवा.

७. सामान आणि हत्यारं

सामान एकदम आणा, म्हणजे इंजिन उघडं पडून राहत नाही:

- बेल्ट, टेन्शनर, आयडलर यांचा पूर्ण किट. तिन्ही एकाच कंपनीचे
- वॉटर पंप, थर्मोस्टॅट, नवं कूलंट
- कॅम आणि क्रँकचं ऑइल सील, बाहेरचा फॅन बेल्ट
- ऑइल, फिल्टर (दोन वेळचं)
- हेड उतरवलं असेल तर: गॅस्केट सेट, नवे हेड बोल्ट, व्हॉल्व्ह, स्टेम सील
- क्रँक पुलीचा बोल्ट, जर मॅन्युअलमध्ये ‘एकदाच वापरायचा’ असं लिहिलं असेल

हत्यारं: त्या इंजिनच्या कॅम-क्रँक लॉकिंग पिना, टॉर्क रेंच, अंश मोजणारा गेज, फीलर गेज, सरळपट्टी, डायल गेज, कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्टर. सामान मॉडेलच्या नावावर मागू नका. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी इंजिनं येतात, म्हणून इंजिन कोड आणि चासी नंबर द्या.

८. जोडणी आणि टायमिंग

ब्लॉकचं पृष्ठ प्लॅस्टिकच्या पात्याने साफ करा. मशीनला लावायच्या घासणाऱ्या डिस्क वापरू नका, त्यांची बारीक पूड ऑइलमध्ये जाऊन बेअरिंगं खाते. हेड बोल्टच्या भोकांत तळाशी ऑइल किंवा कूलंट साचलेलं असतं. ते हवेने उडवून, कपड्याने टिपून पूर्ण कोरडं करा. राहिलं तर बोल्ट आवळताना ते दाबलं जातं आणि ब्लॉक तडकू शकतो.

हेड बसवताना पिस्टन पुन्हा निम्म्या उंचीवर ठेवा. बोल्ट मधून बाहेर, मॅन्युअलमधल्या क्रमाने आणि टप्प्यांत आवळा. उदाहरणार्थ आधी ४० न्यूटन-मीटर, मग सगळे ९० अंश, मग पुन्हा सगळे ९० अंश. तुमच्या इंजिनचे आकडे वेगळे असतील, ते मॅन्युअलमधूनच घ्या.

कॅम खुणेवर आणा, पिन घाला. मग क्रँक खुणेवर आणा, पिन घाला. या पिना फक्त जागा धरण्यासाठी असतात. पुलीचा बोल्ट सोडताना किंवा आवळताना पिनेच्या भरवशावर जोर लावला तर पिन किंवा कॅम तुटतो. पुली धरण्यासाठी वेगळं हत्यार लावा. काही इंजिनांत क्रँकच्या पुलीला चावीच (पुली जागेवर अडकवणारा लोखंडी तुकडा) नसते, ती फक्त बोल्टच्या दाबाने धरलेली असते. तिथे बोल्टचा टॉर्क चुकला तर सगळं टायमिंग सरकतं.

बेल्ट क्रँकच्या पुलीपासून चढवायला सुरुवात करा. टेन्शनर नसलेली बाजू पूर्ण ताठ ठेवत वर जा आणि शेवटी टेन्शनरवर या. सगळी ढील टेन्शनरच्याच बाजूला उरली पाहिजे. बेल्ट दुमडू नका, पीळ देऊ नका, पेचकसाने ढकलू नका. टेन्शनरचा काटा इंजिन थंड असतानाच खुणेवर आणा.

पिना काढा आणि हाताने दोन पूर्ण फेरे द्या. पुन्हा टीडीसीला आणून पिना बसतात का, टेन्शनरचा काटा खुणेवरच आहे का ते पाहा. एका दाताचाही फरक असेल तर सगळं सोडून परत लावा. इथे नवशिक्यांचा एक गोंधळ हमखास होतो: बेल्टवर छापलेल्या रंगीत रेघा दोन फेऱ्यांनंतर पुलीच्या खुणांशी जुळत नाहीत आणि चुकलं असं वाटतं. त्या रेघा फक्त बसवतानाच्या मदतीसाठी असतात. फेऱ्यांनंतर जुळवायच्या त्या पुलीच्या आणि इंजिनच्या खुणा.

९. पहिला स्टार्ट आणि त्यानंतर

इंजेक्शन आणि इग्निशन बंद ठेवून सेल्फ मारा, ऑइलचा दिवा जाईपर्यंत. सलग दहा सेकंदांहून जास्त नको, मध्ये सेल्फला थंड होऊ द्या. प्लग काढलेलेच असतील तर त्याच वेळी सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून लिहून ठेवा. आकडा कंपनीच्या मर्यादेत असावा आणि सिलिंडरमधला फरक १०-१५ टक्क्यांच्या आत.

आता स्टार्ट करा. हायड्रॉलिक टॅपेट पहिली काही मिनिटं टकटक करतात, ऑइल भरलं की थांबतात. सारखी एकाच ठिकाणची ठकठक किंवा ठरावीक ठेक्याने येणारं मिसिंग आलं तर लगेच बंद करा. इंजिन ऐकायला ठीक आहे पण पिकअप नाही आणि स्कॅनरवर पी००१६ सारखा कॅम-क्रँकचा कोड येतो, तर बहुधा एक दात चुकलाय. सेन्सर बदलत बसू नका, कव्हर उघडून खुणा पाहा.

इंजिन तापून फॅन सुरू होईपर्यंत चालू ठेवा, कूलंटमधली हवा काढा, थंड झाल्यावर पातळी पुन्हा भरा. कव्हरच्या खालच्या कडेला बोट फिरवून ऑइल किंवा कूलंट लागतं का ते पाहा.

पहिले ५०० ते १,००० किमी झाले की ऑइल आणि फिल्टर बदला. मशीनिंगचा चुरा आणि धुताना राहून गेलेली घाण त्याबरोबर जाते. काढलेलं ऑइल उजेडात हलवून पाहा, चमकते कण असतील तर फिल्टर कापून आतली घडी तपासा. त्याच वेळी वरचं कव्हर काढून टेन्शनरचा काटा आणि बेल्टच्या कडा पाहा. शेवटी बेल्ट बदलल्याची तारीख, किलोमीटर आणि पुढच्या बदलाचा आकडा एका स्टिकरवर लिहून कव्हरवर चिकटवा, आणि तेच सर्व्हिस बुकातही लिहा.